म्हाताऱ्या जीपची नाडी

माझ्या जीपचा मीटर आज 41 हजार किलोमीटर दाखवतो. मीटर खोटं बोलत नाही, फक्त विसरतो. त्याला घरं पाचच. 99,999 झाले की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्यं येतात आणि गाडी पुन्हा कोरी होते. माझ्याकडे आल्यावर तो एकदा फिरलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्याआधी किती वेळा फिरला असेल ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नव्हतं, कारण मधली चार वर्षं मीटरची केबल तुटलेलीच होती. तेव्हा जुन्या गाडीचं वय मीटरवर वाचू नये. बाजारात बैल घेताना दात बघतात, तसं क्लचच्या पेडलचं रबर बघावं, स्टेअरिंगवर अंगठा टेकतो ती जागा बघावी, चढताना पाय पडतो तिथला पत्रा बघावा. या तिन्ही जागा आरशासारख्या चकाकत असतील आणि मीटर तीस हजार म्हणत असेल, तर मालकाला चहा पाजून खरी गोष्ट काढून घ्यावी.

जीपची मूळ घडण लष्करी. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकेच्या विलिस कंपनीनं ती सैन्यासाठी बनवली आणि फोर्डनंही त्याच आराखड्यावर हजारो गाड्या काढल्या. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे वेगवेगळे अवतार इथेच घडले. 1980च्या दशकातल्या एमएम 540 मध्ये प्यूजोच्या आराखड्याचं 2,112 सीसीचं डिझेल इंजिन होतं. वनखातं, पाटबंधारे, तहसील कचेरी अशा नोकऱ्या करून झाल्या की या गाड्या लिलावात निघायच्या आणि मग पश्चिम महाराष्ट्रात त्यांचं वडाप व्हायचं. आठ माणसांच्या गाडीत अठरा, टपावर दुधाचे कॅन, मागच्या फळीवर उभे दोघे. त्यातून तगलेली जीप तुमच्या दारात उभी असेल, तर तिच्यातलं एकही बेअरिंग तरुण नाही हे धरूनच चालावं.

घडण मात्र सगळ्या अवतारांत बरीचशी तीच राहिली. शिडीसारखी चेसी, पुढेमागे कमानपाटे, दोन्हीकडे अखंड ॲक्सल, चारही चाकांना बहुधा ड्रम ब्रेक आणि गिअरच्या दांड्याशेजारी फोर-बाय-फोरचा दांडा. नव्या गाडीला वायर जोडली की संगणक दुखण्याचा नंबर सांगतो. इथे तसं काही नाही. इथे नाडी बघावी लागते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या नाडीत असते तशीच इथेही अडचण असते. एकाच लक्षणामागे तीन दुखणी असतात आणि एकच दुखणं तीन ठिकाणी बोलतं. म्हणून जुन्या जीपवर होणारा बराचसा खर्च हा दुरुस्तीचा नसतोच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, या जातीचा असतो. मीही तो पुरेसा केलेला आहे.

एका हिवाळ्यात जीपनं सकाळी उठायचं बंद केलं. किल्ली फिरवली की बॉनेटखालून 'टक्' असा एकच आवाज, मग शांतता. दिवे लख्ख, हॉर्न ठणठणीत. मी पहिल्या झटक्यात नवी बॅटरी घातली. आठ दिवस गाडी चालू झाली, नवव्या दिवशी पुन्हा 'टक्'. मग सेल्फ उतरवला, त्याचे बुश आणि कार्बन बदलले, आर्मेचर तपासून घेतलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी परत तेच. शेवटी आमच्या नाक्यावरच्या मामांना आणलं. सत्तरी ओलांडलेले मामा आता गॅरेजात बसत नाहीत, पण बोलावलं तर येतात. त्यांनी एकही नट सोडला नाही. मला दोनदा सेल्फ मारायला लावला, मग इंजिन बंद करायची स्टॉप केबल बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "दादा, ही गरम कशी?"

मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर लावून त्यांनी सांगितलं, "मारा आता." इंजिन पहिल्या फेऱ्यात पेटलं.

झालं होतं ते असं. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून चेसी आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. ती माझ्या गाडीत रंगाखाली गंजून अर्धी झाली होती. दिवे आणि हॉर्न यांचं अर्थिंग चेसीला असतं, त्यांना या पट्टीशी काही देणंघेणं नाही, म्हणून ते ठणठणीत. सेल्फचा परतीचा रस्ता मात्र याच पट्टीवरून. आता गणित बघा. सेल्फ 200 अँपिअर मागतो असं धरलं आणि गंजलेल्या जोडात ओमचा फक्त पन्नासावा भाग एवढा अडथळा असला, तरी तिथेच 4 व्होल्ट खर्ची पडतात. बारातले चार गेले, उरलेल्या आठांवर डिझेल इंजिन कोण फिरवणार? वाट अडली की वीज आडवाट शोधते, आणि ती आडवाट म्हणजे इंजिनाला डॅशबोर्डशी जोडणारी ती बिचारी स्टॉप केबल. म्हणून ती गरम. नव्या बॅटरीचा आणि नव्या कार्बनचा जोर जास्त म्हणून थोडे दिवस गाडी ढकलली गेली आणि मला वाटलं, इलाज लागू पडला. जुन्या गाडीत ही फसवणूक नेहमीची. भाग बदलला आणि फरक पडला, एवढ्यावरून दुखणं सापडलं असं होत नाही.

मामांनी बोटांनी केलं ते मल्टिमीटरनं मोजताही येतं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग बघा. तसंच पॉझिटिव्ह बाजूलाही, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत. रात्रभर विसावलेली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 ला ती जवळजवळ रिकामी असते, आणि गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 दिसलं नाही तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. दोनचारशे रुपयांच्या या डबीनं माझे तरी हजारो वाचवलेत, थोडे उशिरा का होईना.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. संशय खर्चाच्या चढत्या क्रमानं घ्यायचा. फुकट तपासता येतं ते आधी, मग शंभर रुपयांचं, मग हजाराचं. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न: शेवटचा हात कुठे लागला होता? काल क्लचचं काम झालं आणि आज रिव्हर्सचा दिवा लागत नाही, तर बल्ब विकत आणायला धावू नये. क्लचसाठी सोडलेली वायर कुणीतरी जोडायची विसरलेली असते.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, ही वेगळी तक्रार. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसपटीहून जास्त दाबली की ती 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे तीनच गोष्टी लागतात: दाबलेली हवा, वेळेवर आलेलं डिझेल आणि थंडीत थोडी ऊब. ऊब देतात ते ग्लो प्लग, ज्यांना मिस्त्रीलोक हीटर म्हणतात. थंडीतच त्रास होत असेल आणि सेल्फ मारताना पांढरा, डोळ्यांत झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास मारणारा धूर येत असेल, तर आधी हीटर बघायचे. त्यांच्यावरची जोडपट्टी काढायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं एकेका हीटरच्या टोकाला टेकवायचं. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे, नाही लागला तर मेली. पाच मिनिटांचं काम.

धूरच येत नसेल तर डिझेलच पोचत नाही. इथे जुन्या जीपचा एक मजेदार रोग आहे: एअर धरणे. संध्याकाळी उत्तम चाललेली गाडी सकाळी दहा मिनिटं सेल्फ खाते आणि एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर नाही. लोक खाली वाकून डिझेल कुठे ठिबकतंय ते शोधतात आणि जमीन कोरडी बघून चक्रावतात. डिझेलची टाकी पंपाच्या खाली असते. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. अशा नळीला बारीक भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर ती हळूहळू शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. उपाय स्वस्त आहे. पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी बसवायची. बुडबुडे दिसले तर टाकीच्या दिशेनं एकेक जोड तपासत जायचं. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो कडक झालेला रबरी पाइप, नाहीतर पुन्हापुन्हा वापरून चपटा झालेला तांब्याचा वॉशर. पंप-नोझल उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा सल्ला कुणी दिलाच, तर ही नळी बसवून बघेपर्यंत थांबावं.

धुराच्या रंगाबद्दल सगळे सांगतात, मी थोडक्यात सांगतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर आधी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा दोन जातींचा: डोळ्यांत झोंबतो तो कच्च्या डिझेलचा, आणि गोडसर वासाचा, गाडी तापल्यावरही न थांबणारा तो कूलंटचा. दुसरी जात दिसली तर गाडी पुढे रेटू नये.

इंजिन गरम होण्याची तक्रार ऐकली की मी उलट विचारतो, कधी? बाजारात उभ्या-उभ्या काटा चढत असेल आणि रस्त्याला लागल्यावर उतरत असेल, तर हवेचा प्रश्न आहे: सैल बेल्ट, मोडका पंखा, जाळीत अडकलेला चिखल आणि गवत. उभी असताना बरी आणि चढाला लावली की गरम, असं असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यावर घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गाडी तापवून बंद करावी, पंखा थांबल्यावर जाळीवर जपून हात फिरवावा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. आणि गार इंजिनवर झाकण काढून गाडी चालू केल्यावर पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, तर हेड पॅकिंग गेलंय, सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरतेय. झाकणाची स्प्रिंगसुद्धा हिशेबात धरावी. आत वातावरणाहून 1 बार दाब जास्त असेल तर पाणी शंभरऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल पडलं की हे सगळं भांडवल बुडतं.

एक भांडण मात्र मला करायचंच आहे. गाडी गरम होते म्हटलं की आपल्याकडे पहिला इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. म्हणे आपल्या हवेत त्याची गरजच नाही. साधारण 80 अंशांच्या आसपास उघडणारी ही झडप इंजिनाला लवकर तापवते आणि मग त्याच तापमानावर धरून ठेवते. ती काढली की इंजिन थंडच धावतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये चिकटा साचतो, लायनर झिजतात. गरम होण्याचं कारण चोंदलेला रेडिएटर असेल तर ते तसंच राहतं, फक्त पुढे ढकललं जातं. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यापैकीच हे. झडप खराब आहे का ते बघायचं तर ती दोऱ्यानं पातेल्यात टांगून पाणी तापवावं. उकळी फुटेपर्यंत उघडली नाही तर नवी आणावी.

आता तो रोग, ज्यामुळे जुनी जीप चालवणारा देवभोळा होतो. ताशी पन्नास-साठच्या वेगानं जाताना पुढचं एक चाक खड्ड्यात पडतं आणि अचानक दोन्ही पुढची चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी फडफडू लागतात. स्टेअरिंग हातातून हिसकावलं जातं, टपाचे बार खडखडतात, शेजारी बसलेली व्यक्ती किंचाळते. अशा वेळी स्टेअरिंग घट्ट धरून, पाय उचलून गाडी हळू करत न्यायची, दुसरं काही करायचं नसतं. वरंधा घाटाच्या अलीकडे हे माझ्या बाबतीत झालं, तेव्हा शेजारी बायको होती. पुढे वर्षभर ती या जीपमध्ये बसली नाही.

गॅरेजात याला वॉबल म्हणतात आणि पहिला इलाज असतो चाकं बॅलन्स करणं, दुसरा म्हणजे नवा स्टेअरिंग डॅम्पर. दोन्हींनी तो दबतो, जात नाही. अखंड ॲक्सलवर दोन्ही चाकं किंग पिनभोवती वळतात आणि टाय रॉडनं एकमेकांना बांधलेली असतात. झोपाळ्याला असते तशी या सगळ्या जोडणीला स्वतःची एक लय असते. सगळे सांधे घट्ट असतील तर खड्ड्याचा धक्का एकदोन हेलकाव्यांत विरतो. सांध्यांत प्ले असेल तर प्रत्येक हेलकावा पुढच्याला ढकलतो आणि झोपाळा चढत जातो. प्ले कुठे आहे ते शोधायला दोन माणसं आणि एक जॅक पुरतो.

पहिली परीक्षा गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. एकानं आत बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहायचं. दुसऱ्यानं खाली शिरून स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर बोट ठेवत जायचं. अलीकडचा भाग हलला आणि पलीकडचा उशिरा हलला, की तो सांधा झिजला. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटर बोटाला बरोबर कळतो.

दुसरी परीक्षा चाक उचलून, आणि उचललं की ॲक्सलखाली स्टँड किंवा लाकडाचा ठोकळा हवाच. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चाकाला घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखडलं तर दोन संशयित: चाकाचं बेअरिंग किंवा किंग पिन. आता आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि त्यामागची प्लेट एक होतात, म्हणजे चाकाचं बेअरिंग हिशेबातून बाहेर जातं. खडखड थांबली तर बेअरिंग दोषी, तरीही राहिली तर किंग पिन. शिकल्यापासून ही युक्ती मी लग्नकार्यात भेटलेल्या जीपवाल्यांनाही सांगत सुटलोय.

किंग पिनचं बेअरिंग नवं घातलं तरी काम अर्धंच होतं. टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, शिम. त्या काढून-घालून बेअरिंगवर नेमका ताण आणावा लागतो. सैल राहिलं तर वॉबल येतो, फार आवळलं तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होत नाही. मामा यासाठी भंगारवाल्याकडचा स्प्रिंगचा ताणकाटा वापरतात. टाय रॉड सोडून मोकळ्या झालेल्या सांध्याला काटा अडकवून ओढायचा आणि किती जोराला तो हलू लागतो ते वाचायचं. हे डोळ्यांनी होत नाही. माझ्या गाडीत किंग पिन, एक टाय रॉड एंड आणि पाट्यांचे दोन बुश असे चार थोडे-थोडे झिजलेले होते. एकटा कुणीच एवढा वाईट नव्हता, चौघांनी मिळून तो गोंधळ घातला होता.

गाडी उंच दिसावी म्हणून पाट्यांचे शॅकल लांब करणाऱ्या तरुण मंडळींना एक सांगणं. ते लांब केले की ॲक्सल किंचित फिरतो आणि त्याच्याबरोबर किंग पिनचा कल बदलतो. सायकलचा फोर्क तिरका असल्यामुळे पुढचं चाक सरळ राहायला मदत होते. तसाच हा कल. तो बिघडवून मग दर महिन्याला अलाइनमेंटचे पैसे भरण्यात हशील नाही.

क्लच सोडताना पोटाखालून 'खट्ट' असा आवाज येतो तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी रंगाची पूड दिसली तर आत ग्रीस संपून गंज दळला जातोय. बदलणं सोपं आहे, एक चूक सोडून. शाफ्ट दोन तुकड्यांचा, सरकता असतो, आणि परत जोडताना एक दात जरी पुढेमागे झाला तरी गाडी थरथरते. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा घटवतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढउतार खोडून काढतो, पण दोन्हींचे कान एका रेषेत असतील तरच. म्हणून सोडण्याआधी खडूनं नव्हे, छिन्नीनं खूण करावी. खडू ग्रीसच्या हातानं पुसला जातो.

फोर-बाय-फोरच्या दांड्याविषयी बऱ्याच तक्रारी रोगाच्या नसून सवयीच्या असतात. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसतो. दोन्ही ॲक्सलना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मागे दोन नवे टायर आणि पुढे झिजके असतील आणि व्यासात दोनच सेंटिमीटरचा फरक असेल, तर साधारण 72 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला किलोमीटरमागे जवळजवळ 28 मीटरचा फरक पडतो. चिखलात चाकं घसरून तो भागवतात. डांबरावर घसरायला वाव नाही, मग शाफ्ट पिळवटतात आणि दांडा अडकतो. हातोडी आणायची गरज नसते. सरळ रेषेत थोडं मागे घ्यावं, पीळ सुटतो आणि दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. गिअरबॉक्सचं तेल कमी आणि ट्रान्सफर केसचं तितकंच जास्त, असा चमत्कार दिसला तर घाबरू नये. दोघांच्या मधलं सील गेलंय, तेल शेजाऱ्याकडे राहायला गेलंय.

ब्रेकबद्दल थोडंच. चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली तर ती बोटावर घेऊन बघावी. दाट आणि गंधकाचा उग्र वास, तर डिफरन्शिअलचं तेल, ॲक्सलचं सील गेलं. पातळ आणि रंग सोलणारी, तर ब्रेक ऑइल, व्हील सिलिंडर गेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट 3 प्रतीचं नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ओल पिऊन जुनं झालेल्यासाठी तोच 140 वर येतो. लांब घाट उतरताना तापलेल्या ड्रममागे ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी तेल बदलणं एवढंच करायचं असतं, तेही लोक करत नाहीत.

चेसी छोट्या हातोडीनं वाजवत जावी. निरोगी लोखंड खणखणतं, गंजानं पोखरलेलं बद्द बोलतं. स्टेअरिंग बॉक्स बसतो तिथे आणि पाट्यांच्या हँगरजवळ तडे शोधावेत. वेल्डिंगआधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं नाही तर तडा वेल्डच्या पलीकडे पुन्हा चालू लागतो. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडून ठेवावी, नाहीतर अल्टरनेटरही त्याच दिवशी जायचा.

आणि इंजिन? ते काढायचं, हाफ करायचं की फुल, हा प्रश्न प्रत्येक जुन्या जीपवाल्याला कुणीतरी नाक्यावर उभं राहून विचारतंच. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ येते तशी सगळ्यांतच येते. धुराचे लोट भकाभका येत असतील आणि हातावर दाब जाणवत असेल, तर रिंगा आणि लायनर संपलेत. पण नुसतं हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खातं, सकाळी वेळेवर उठतं, गरम झाल्यावरही ऑइल प्रेशर धरतं, अशा इंजिनाला मी हात लावू देत नाही. ऑइलचा डबा मागे ठेवतो. प्रेशरचा काटा पडला तरी आधी दुसरा, साधा यांत्रिक मीटर लावून बघतो. डॅशबोर्डवरचा काटाही गाडीइतकाच म्हातारा असतो.

सुटे भाग आणायला जाताना गाडीचं नाव सांगून भाग मागू नये, जुना भाग पिशवीत घालून न्यावा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्या आकड्यांवर माल पटकन मिळतो. गाडीचं नाव सांगितलं तर 'हेच लागतं' म्हणून काहीही मिळतं.

पावसाळ्यात एक तपासणी मी चुकवत नाही. ओढा ओलांडताना ॲक्सलचा गरम गोळा थंड पाण्यात बुडतो. आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ॲक्सलवर यासाठीच एक बारीक ब्रीदर असतो. तो चिखलानं बंद असेल तर हवा आत यायला जागा राहत नाही, मग सीलच्या कडेनं पाणी आत खेचलं जातं. तेलात पाणी घुसळलं की त्याचा रंग दुधाच्या कॉफीसारखा होतो आणि क्राउन-पिनियनच्या दातांना वंगण उरत नाही. पण घुसळलं जाण्याआधी पाणी पकडता येतं. पाणी तेलाहून जड. गाडी रात्रभर उभी राहिली की ते तळाला बसतं, आणि सकाळी गाडी हलवण्याआधी ड्रेन प्लग जरासा सैल केला की सगळ्यात आधी तेच बाहेर येतं.

काल संध्याकाळी भोरकडून येताना ओढ्याला मांडीभर पाणी होतं. आज सकाळी चहाच्या आधी मागच्या ॲक्सलखाली पाटी सरकवली आणि प्लग दोन आटे सोडला. आधी चमचाभर गढूळ पाणी आलं, मग मधाच्या रंगाचं तेल. प्लग आवळला, तेवढं तेल भरलं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती टपापर्यंत वर न्यायचं काम गेल्या पावसाळ्यापासून राहिलंय. नळी आणलेली आहे, सीटखाली आहे.